केटी, डेंग्यू आणि इनवर्डचा शिक्का

प्रश्न : मुलगी डोंबिवलीहून माटुंग्याच्या कॉलेजात जाते, एसवाय बीकॉमला. डेंग्यूमुळे तिसऱ्या सेमिस्टरचे दोन पेपर बुडाले. तिच्यापुरते ते पुढे ढकलून मिळतील का?

ताई, एका मुलीसाठी वेळापत्रक हलत नाही. पण मुंबई विद्यापीठाच्या नियमांत अशा मुलांसाठी अतिरिक्त परीक्षेची सोय आहे. पहिल्या चार सेमिस्टरच्या परीक्षा कॉलेजच घेतं, त्यामुळे हा अर्जही तिथेच द्यायचा. आजारपण, किंवा परवानगी काढून एनसीसी, एनएसएस, खेळाला जाणं ही कारणं चालतात. ती प्राचार्यांना पटावी लागतात. आता, ‘ताप होता, सात दिवस विश्रांती’ एवढंच सर्टिफिकेट परीक्षेच्या मोसमात ढिगाने येतं. तुम्ही प्लेटलेट्सचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जोडा, म्हणजे पेपरच्या तारखा आणि आजाराच्या तारखा जुळलेल्या दिसतील. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज आल्याच्या नोंदीचा, नंबर नि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी त्या खिडकीच्या आत बरीच वर्षं काढली आहेत. ‘मॅडमना तोंडी सांगितलं होतं’ म्हणणाऱ्या कितीजणांना मी हात हलवत परत पाठवलंय, आणि त्यातले बरेचसे खरं बोलत होते. इंटर्नलला ती पास असेल तर ते गुण पुढे धरले जातात, त्याची काळजी नको.

प्रश्न : सहाव्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटले, पण निकालावर ‘आरएलई’ आलंय. एक तारखेला जॉइनिंग आहे!

याचा अर्थ नापास असा नाही. आधीच्या एखाद्या सेमिस्टरची केटी, म्हणजे राहिलेला विषय, बाकी आहे, म्हणून निकाल राखून ठेवलाय. ती सुटली की निकाल मोकळा होतो, सहाव्याचे पेपर पुन्हा द्यावे लागत नाहीत. कंपनीला तसं कॉलेजचं पत्र दाखवा. थांबायचं की नाही हे शेवटी त्यांच्या हातात.

केटी आधीच सुटली असेल आणि नोंदच चढली नसेल, तर त्या सेमिस्टरची मार्कशीट, हॉल तिकीट आणि कॉलेजचं पत्र घेऊन कलिन्याला विद्यापीठाचं परीक्षा भवन गाठा. पत्राशिवाय गेलात तर पुन्हा कॉलेजात पाठवतील. कुर्ला स्टेशनची ती रिक्षाची रांग दोनदा कशाला?

प्रश्न : पावसामुळे पेपर रद्द असा मेसेज ग्रुपवर आला, घरीच राहिलो. पेपर झाला!

पावसामुळे पेपर पुढे जातात हे खरं. ८ जुलै २०२४ला दूरशिक्षणाचे गेले होते. पण त्याचं परिपत्रक निघतं आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवर लागतं. फॉरवर्ड केलेला मेसेज पुरावा ठरत नाही. तुमची गैरहजेरी लागली, आता पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरा. लोकल खरोखरच बंद पडली तर उशीर झाला तरी सेंटरवर पोहोचा, चीफ कंडक्टरना, म्हणजे तिथल्या परीक्षाप्रमुखांना, भेटा आणि लेखी द्या. अनेकजण अडकले असतील तर सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज करा, त्याला वजन येतं.

प्रश्न : रिव्हॅल्युएशन टाकलंय. केटीचा फॉर्म भरू की निकालाची वाट पाहू?

भरा. फॉर्मची मुदत तुमच्या रिव्हॅल्युएशनसाठी थांबत नाही. फार तर फीचे पैसे जातील. फॉर्म राहिला तर सहा महिने जातात.