मॅडिसनची तळी गोठताना दुर्मिळ बदकं कधी आणि कुठून बघावीत?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात इतर तळी गोठल्यावर मेंडोटा या मोठ्या तळ्यावर दुर्मिळ बदकं जमतात, तर नेमकं कधी आणि कुठून बघायचं, असं तुम्ही विचारलंय. कॅलेंडर बाजूला ठेवा, विंग्रा तळ्यावर नजर ठेवा. ते उथळ, म्हणून आधी गोठतं. मग मोनोना तळं. मेंडोटा 25 मीटर खोल. त्याचा नंबर साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत लागतो. विंग्रा झाकलं की मेंडोटा मिटेपर्यंत रोज चक्कर मारा, कारण आसपासचे सगळे पक्षी उरलेल्या पाण्यात गर्दी करतात. वारा असेपर्यंत मोठं तळं टिकतं. कडाक्याच्या थंडीत वारा पडला की एका रात्रीत खेळ खलास.

सूर्य तेव्हा दक्षिणेला, खाली असतो. म्हणून मेंडोटाच्या दक्षिण काठावरच्या पिकनिक पॉइंटवरून उत्तरेकडे बघा, ऊन पाठीशी राहतं. उत्तर काठावरचं गव्हर्नर नेल्सन पार्क देखणं आहे, पण तिथून बदकांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

नुसत्या दुर्बिणीने भागत नाही, स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची, जास्त पटीची दुर्बीण) हवाच. तो गरम गाडीतून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर थंड होऊ द्या, नाहीतर नळीतल्या गरम हवेने चित्र थरथरतं. गाडीत बसून बघायचं तर हीटर बंद. 25-30 पटीवरच बघा. 60 पटीला फक्त हवेची लहर मोठी होते. पाण्यावरून वाफ उठत असेल तर ती विरेपर्यंत थांबा. बुडी मारणारी बदकं वीस-तीस सेकंद गायब होतात, म्हणून थवा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सावकाश चाळा.

सगळ्यांना हवा असतो बॅरोज गोल्डनआय, हे दुर्मिळ बदक. इथेच जास्त फसगत होते. साध्या गोल्डनआय नराच्या चोचीमागे गोल पांढरा ठिपका, बॅरोजच्या नराला चंद्रकोर. पण साध्याचे कोवळे नरही अर्धवट ठिपक्यामुळे कोरीसारखे दिसतात. त्यामुळे पाठ बघा: बॅरोजची पाठ काळी, तिच्यावर सुट्या पांढऱ्या ठिपक्यांची रांग, आणि खांद्यापुढून पाण्याकडे उतरणारा काळा काटा. डोक्याच्या जांभळ्या झाकेवर मी विसंबत नाही, उजेडाप्रमाणे ती बदलते. आणि संकरित नरही असतात, तेव्हा फोटो घेतल्याशिवाय ईबर्डवर (पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर) टाकू नका.

लाँग-टेल्ड डक आणि स्कोटर ही बदकं मात्र थव्यापासून लांब, तळ्याच्या मधोमध शोधा.

बर्फावर पाय ठेवू नका, काठाजवळसुद्धा. लून पक्ष्याला उडायला पाण्यावर लांब धाव लागते. उघडं पाणी आक्रसलं की तो अडकतो. असा दिसला तर स्वतः सोडवायला जाऊ नका, वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा.