कार्य 'साक्ष' देतं का?

प्रश्न असा आहे : एका नावाजलेल्या समाजसेवकावर आरोप झाले, तेव्हा कुणीतरी लिहिलं, 'त्यांचं कार्यच त्यांच्या निर्दोषत्वाची साक्ष देतं.' वाक्य व्याकरणात बसतं, तरी कानाला खटकतं. असं का?

खटकायलाच हवं, आणि ते 'साक्ष' या शब्दापाशी खटकतं. 'साक्षी' म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. पाणिनीने तसं सूत्रच दिलंय, 'साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्'. 'साक्षात्'मधला 'अक्ष' म्हणजे डोळा. साक्ष द्यायची तर गोष्ट घडताना तिथे असावं लागतं. समजा, एका संस्थेच्या पावतीपुस्तकातल्या 41 ते 50 क्रमांकांच्या पावत्या फाडल्या गेल्या, पण त्यांचे पैसे जमाच झाले नाहीत आणि खजिनदाराचं नाव पुढे आलं. त्याने शंभर मुलांची शिक्षणं केली, हे अगदी खरं असेल. पण त्या दहा पावत्यांबद्दल बोलू शकतात त्या पावत्यांवरच्या सह्या, रोजकीर्द आणि बँकेतला भरणा. ती शंभर शिक्षणं तिथे नव्हतीच.

कार्य पाहून वाटणाऱ्या विश्वासासाठी मराठीत वेगळा शब्द आहे : ग्वाही. फारसी 'गवाही'चा अर्थ साक्षच, पण आपल्याकडे तो सरकत सरकत 'हमी, खात्री' असा झाला. 'त्यांच्या प्रामाणिकपणाची मी ग्वाही देतो' यात माझा विश्वास कळतो. मी काय पाहिलं ते कळत नाही. एकाच अर्थाच्या दोन शब्दांची अशी वाटणी झाली, हे मला भाषेचं मोठं देणं वाटतं. मूळ वाक्यात ग्वाहीला साक्षीच्या जागी बसवलंय, तीच गफलत.

दुसरी जोडी 'कार्य' आणि 'कृत्य'. दोन्ही 'कृ' धातूचे. पण 'कार्य' म्हटलं की वर्षानुवर्षांचं, चारचौघांत दिसणारं काम डोळ्यांपुढे येतं, आणि नुसतं 'कृत्य' म्हटलं की एक ठरावीक, बहुधा वाईटच गोष्ट. आरोप कृत्याचा असतो, उत्तर कार्याने दिलं जातं. तक्रार बंद दाराआडची असेल तर हे फारच जाचक ठरतं, कारण 'एवढं कार्य असलेला माणूस' म्हणताच तक्रार करणारी व्यक्ती काही न विचारता खोटी ठरते.

'निर्दोष'ही निसरडा आहे. निर्दोष उच्चार म्हणजे ज्यात खोट नाही तो. निर्दोष सुटका म्हणजे त्या एका आरोपातून सुटका. पहिल्या अर्थाचा मोठेपणा दुसऱ्या अर्थाला चिकटतो. गुन्ह्यापुरतं बोलायचं असेल तर 'निरपराध' बरा.

'त्यांची पुण्याई मोठी आहे' हेही बचावात ऐकू येतं. पण पुण्याने पाप फिटतं म्हणायचं, तर आधी पाप घडलं हे मान्य करावं लागतं!

याचा अर्थ कार्य खोटं होतं असा मात्र नाही. 'दांभिक', 'बगळाभगत' हे शब्द अशा वेळी चटकन ओठांवर येतात, आणि तेही तितकेच घाईचे. मनापासून चांगलं काम करणाऱ्याच्या हातूनही अपराध घडू शकतो. अशा माणसाला नेमका एक शब्द मला मराठीत सापडलेला नाही.

मूळ वाक्य मी असं लिहीन : 'त्यांचं कार्य मोठं आहे, म्हणून आरोपावर माझा विश्वास बसत नाही, खरं काय ते चौकशीत कळेल.'