८ जीबी रॅम बसवली, वापरायला ५.८८च का?

रॅम जेवढी विकत घेतली तेवढी वापरायला मिळत नाही, अशा तक्रारीची चार पत्रे या वेळी निवडली आहेत. तक्रार एकच असली तरी चारही ठिकाणी कारण वेगळे आहे. हार्ड डिस्कविषयीचा एक छोटा प्रश्नही याच विषयाला लागून येतो, म्हणून तोही घेतला आहे.

प्रश्न : मुलीच्या कॉलेजसाठी एएमडी रायझन प्रोसेसरचा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घेतला. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी’ आणि पुढे कंसात ‘५.८८ जीबी युजेबल’ असे दिसते. दुकानदार म्हणतो, सगळ्यांतच असे दिसते. दोन जीबी रॅम कमी दिली आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, तुमची फसवणूक झालेली नाही. रॅम कमी बसवली असती तर ‘इन्स्टॉल्ड’पुढचा आकडाच कमी आला असता. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र आणि त्यातला पोटखराबा वेगळा लिहिलेला असतो, तसे हे दोन आकडे आहेत. ८ जीबी तुमच्याच आहेत, पण त्यांतल्या २.१२ जीबी विंडोजला वापरता येणार नाहीत अशा बाजूला काढून ठेवल्या आहेत.

त्या कुठे आहेत ते आधी स्वतः पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. खाली उजवीकडे वेग, वापरलेले स्लॉट (रॅम बसवायच्या खाचा) आणि ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ असे आकडे दिसतील. तुमच्याकडे शेवटचा आकडा २.१ जीबीच्या आसपास असेल. रॅमची कोणतीही तक्रार असो, पहिल्यांदा हाच आकडा वाचायचा. विंडोज सुरू होण्याआधीच बायोसने (संगणक चालू होताच पहिल्यांदा चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमने) जी मेमरी दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली, ती इथे मोजली जाते.

तुमच्या बाबतीत तो दुसरा कोणी म्हणजे ग्राफिक्स. तुमच्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. चित्र काढणारा भाग प्रोसेसरमध्येच आहे आणि त्याची स्वतःची मेमरी नसते. त्यामुळे तो मुख्य रॅममधूनच हिस्सा घेतो. तुमच्या कंपनीने हा हिस्सा २ जीबी ठरवून दिलेला दिसतो. उरलेली शंभर-सव्वाशे एमबी बायोस आणि इतर यंत्रणांकडे जाते, आणि ती प्रत्येक संगणकात जाते. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी सुरुवातीला सहसा फार थोडी मेमरी अडवली जाते आणि पुढची लागेल तशी घेतली जाते. म्हणून तशा ८ जीबीच्या लॅपटॉपवर ७.७ किंवा ७.८ दिसते. ‘सगळ्यांतच असे दिसते’ हे दुकानदाराचे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे. थोडी घट सगळ्यांत असते, दोन जीबींची नसते.

हा हिस्सा कमी करता येतो का, हे लॅपटॉपच्या बायोसवर अवलंबून आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’ या वाटेने ‘रीस्टार्ट नाऊ’ दाबा. मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. त्याआधी एक काम मात्र कराच : डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये काही बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. ती नसेल तर मुलीच्या सगळ्या फाइली कुलूपबंद राहतील.

बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ किंवा ‘यूएमए व्हिडिओ मेमरी’ या नावाची ओळ शोधा. ती बहुधा ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘कॉन्फिगरेशन’खाली असते. तिथे २ जीबीऐवजी ५१२ एमबी निवडून बदल जतन करून बाहेर पडा. वापरायला साधारण ७.४ जीबी मिळतील. ऑफिस, ब्राउझर, ऑनलाइन तास, प्रोग्रॅमिंग यांत काहीही बिघडत नाही, कारण ग्राफिक्सला जास्त मेमरी लागली तर ड्रायव्हर (विंडोज आणि उपकरण यांना जोडणारा प्रोग्रॅम) ती मुख्य रॅममधून तात्पुरती घेतोच. बिघडू शकते ते खेळांत : काही गेम सुरू होताना ग्राफिक्सची राखीव मेमरी तपासतात आणि ती कमी दिसली तर चालायला नकार देतात.

ती ओळच नसेल तर इंटरनेटवरची बदललेली बायोस फाइल घालू नका. ती फसली तर मदरबोर्ड निकामी होतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये कंपनीने हा पर्याय दिलेलाच नसतो. तशा वेळी पैसे लावायचेच तर आणखी ८ जीबीच्या स्टिकला (रॅमच्या पट्टीला) लावा, अर्थात टास्क मॅनेजरमध्ये ‘स्लॉट्स युज्ड’ पुढे ‘१ ऑफ २’ दिसत असेल तरच. दोन स्टिक जोडीने चालल्या की रॅमकडे जाणारा मार्ग दुप्पट रुंद होतो, आणि मुख्य रॅमवर जगणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सला याचा फायदा इतर कोणाहीपेक्षा जास्त होतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते. तिथे हा मार्ग बंद आहे.

प्रश्न : १ टीबीची हार्ड डिस्क ९३१ जीबी दिसते. रॅमही त्याच हिशोबाने कमी दिसते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट मोजतात. विंडोज त्याला १०२४ ने तीनदा भागते आणि उत्तराला जीबी म्हणते, म्हणून ९३१. रॅम मुळातच १०२४ च्या पटीत बनते आणि विकली जाते. ८ जीबीची स्टिक ८१९२ एमबीचीच असते. रॅममध्ये घट दिसली तर कारण दुसरे शोधायचे.

प्रश्न : दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर ४ जीबीतले ३.२५ जीबीच वापरात येत होते. आणखी २ जीबी घातले, तरी आकडा तोच. स्टिक खराब आहे का? – एक वाचक, लातूर

उत्तर : स्टिक बहुधा चांगली आहे, विंडोज ३२ बिटची आहे. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून ‘सिस्टीम टाइप’ वाचा. तिथे ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम आणि एक्स ६४ (म्हणजे ६४ बिट चालवू शकणारा) प्रोसेसर असे लिहिलेले असेल, तर इलाज आहे.

३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बनतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. रॅमच्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो. पण ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोसची चिप यांच्याशी बोलायलाही प्रोसेसरला पत्तेच लागतात, आणि तेही याच ४ जीबीतून, वरच्या टोकाकडून दिले जातात. तेवढ्या रॅमला मग पत्ता उरत नाही. ती रॅम कोणी वापरत नाही. ती नुसती पडून राहते. तुम्ही घातलेल्या २ जीबींचे तेच झाले.

प्रोसेसरला याहून मोठे पत्ते वापरता येण्याची सोय १९९५ च्या पेंटियम प्रोपासून आहे, आणि विंडोजच्या ३२ बिट सर्व्हर आवृत्त्यांनी ती वापरलीही. घरगुती आवृत्त्यांत ४ जीबीची मर्यादा मुद्दाम ठेवली, कारण त्यापुढच्या पत्त्यांवर अनेक ड्रायव्हर गडबडत होते. ही मर्यादा उठवणारे ‘पॅच’ इंटरनेटवर मिळतात. हिशोबाच्या संगणकावर ते अजिबात घालू नका. गडबडणारा ड्रायव्हर डिस्कवर चुकीचा मजकूर लिहू शकतो आणि ते महिनाभर लक्षातही येत नाही.

खरा उपाय ६४ बिटची विंडोज, आणि ती नव्यानेच घालावी लागते. ३२ वरून ६४ वर चढता येत नाही. म्हणून आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. प्रिंटर आणि स्कॅनरचे ६४ बिट ड्रायव्हर मिळतात का, ते आधीच बघा. हिशोबाचा जुना डॉसवरचा प्रोग्रॅम वापरत असाल तर तो ६४ बिट विंडोजवर थेट चालणार नाही. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवून, छपाईसह, दुसऱ्या संगणकावर तपासा आणि मगच हात घाला. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, पण एवढ्या जुन्या यंत्रावर तिच्या अटी बसत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे इंटरनेटला जोडलेल्या जुन्या यंत्रासाठी ६४ बिट लिनक्सचा विचार करावा.

६४ बिट घालूनही घट राहिली तर बायोसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ ही ओळ चालू करा. पत्ता गमावलेली रॅम ४ जीबीच्या वर नेऊन बसवण्याचे काम ती करते. इंटेल ९४५ मालिकेच्या चिपसेटमध्ये (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) मात्र ही सोयच नाही. तिथे ६४ बिटवरही सव्वातीनच्या आसपासच मिळते आणि त्याला इलाज नाही.

प्रश्न : संगणक वेगवान होतो असे एका व्हिडिओत पाहून एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग्जच्या खिडकीत) ‘मॅक्झिमम मेमरी’वर खूण केली आणि ८१९२ हा आकडा भरला. आता वापरायची रॅम उलट कमी झाली. आकडा तर बरोबर होता! – एक वाचक, फोंडा

उत्तर : खूण काढून टाका. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून एमएसकॉन्फिग लिहा, ‘बूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, तिथे ‘मॅक्झिमम मेमरी’ची खूण काढून संगणक पुन्हा सुरू करा. तो चौकोन रॅम वाढवण्यासाठी नाही. कमी रॅमवर आपला प्रोग्रॅम कसा चालतो हे प्रोग्रॅमरला तपासता यावे, यासाठी तो आहे.

८१९२ भरूनही रॅम घटली, याचे कारण असे की तो आकडा किती रॅम घ्यायची ते सांगत नाही. कोणत्या पत्त्यापुढचे काही वापरायचे नाही ते सांगतो. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे ४ जीबीखालचे काही पत्ते उपकरणांना जातात आणि तिथली रॅम वर सरकवली जाते. त्यामुळे ८ जीबी रॅमचा शेवटचा तुकडा ८ जीबीच्या पत्त्यापलीकडे बसलेला असतो. तुमच्या आकड्याने नेमका तोच कापला गेला. त्याच खिडकीत ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’वरही खूण केली असेल तर तीही काढा.

प्रश्न : डेस्कटॉपमध्ये ८ जीबीच्या दोन स्टिक आहेत. १६ जीबी इन्स्टॉल्ड दिसते, वापरायला ७.९. बायोस आणि एमएसकॉन्फिग दोन्ही तपासले. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ ८ जीबीहून जास्त असेल, तर एक संपूर्ण स्टिक बंद पडली आहे. तरीही १६ दिसते, कारण प्रत्येक स्टिकवर तिची माहिती साठवणारी एक छोटी चिप असते आणि ती वेगळ्या वायरीने वाचली जाते. म्हणजे ओळख पटली, पण मेमरीच्या मुख्य संपर्कात कुठेतरी खंड आहे.

संगणक बंद करून मागची वायर काढा आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, मग स्टिक काढा. सोनेरी कड पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून वाळू द्या. शाई खोडायचा खरखरीत रबर सोन्याचा मुलामा खरवडतो, तो नको. स्लॉटमधली धूळ ब्लोअरने काढा. तोंडाने फुंकर मारली की आत थुंकीची वाफ जाते, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत आधीच गंज धरू पाहणाऱ्या टोकांना ती बाधते. स्टिक परत बसवताना दोन्ही टोके सारख्या जोराने दाबा. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरे टोक वरच राहिलेले कळत नाही.

चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवण्याची सोय) चालू असेल तर बंद करून बघा. मग एकेक स्टिक त्याच एका स्लॉटमध्ये लावून बघा. दोन्ही चालल्या तर स्टिक ठीक आहेत. आता त्यांतली एक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. तिथे संगणक सुरू झाला नाही तर स्लॉट किंवा प्रोसेसरचे सॉकेट संशयित. इंटेलच्या बोर्डांवर सॉकेटची एखादी पिन वाकली, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले, तरी मेमरीचा एक मार्ग बंद होतो. स्क्रू सैल करून कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा. पिन वाकलेली दिसली तर स्वतः सुई घालू नका, भिंगाखाली काम करणाऱ्याकडे न्या.

एकच स्टिक कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नसेल तर ती गेली. चालते पण शंका असेल, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावा. एकही चूक दिसली तरी ती स्टिक बदलून घ्यायची. बिल शोधून ठेवा. अनेक कंपन्या रॅमला बरीच वर्षे हमी देतात.