जुन्या संगणकाची रॅम वाढवावी की नवा संगणक हप्त्याने घ्यावा?

प्रश्न : मी मुलुंडला राहते आणि घरूनच काही छोट्या दुकानदारांची हिशेबाची व जीएसटीची कामे करते. २०१४ साली घेतलेला माझा डेस्कटॉप (चौथ्या पिढीचा आय-थ्री, एका स्लॉटमध्ये ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०) फार संथ झाला आहे. सकाळी चालू केल्यापासून टॅली उघडेपर्यंत आठ-दहा मिनिटे लागतात आणि दिवसभरात वीसेक मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. दुरुस्ती करणाऱ्याने ८ जीबीच्या दोन रॅमचे ३,६०० रुपये, २५६ जीबी एसएसडीचे (हार्ड डिस्कऐवजी बसवायच्या, फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कचे) २,६०० रुपये आणि मजुरी ६०० रुपये, असा ६,८०० रुपयांचा अंदाज दिला आहे. दुकानदाराचे म्हणणे असे, की जुन्यावर पैसे घालू नका. नवा संगणक मॉनिटरसह रोख ४५,००० रुपयांना किंवा विनाव्याज १२ हप्त्यांत, दरमहा ४,००० रुपयांना न्या. माझे उत्पन्न दर महिन्याला सारखे नसते. घरखर्च सुमारे ४०,००० रुपये आहे. १,२०,००० रुपयांची मुदत ठेव, बचत खात्यात १८,००० रुपये आणि दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी आहे. ओढाताण करून महिना ४,००० रुपये बाजूला काढता येतील. ठेव मोडावी, एसआयपी थांबवावी, की हप्ता घ्यावा?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे मलाही नेमके उत्तर देता येते. ठेव मोडू नये, एसआयपी थांबवू नये आणि हप्त्याने नवा संगणक आज घेऊ नये. जुन्या संगणकात बचत खात्यातून जास्तीत जास्त ५,००० रुपये घालावेत, आणि तेही पुढे सांगितलेली तपासणी केल्यावरच. नवा संगणक आपल्याला लागणार आहे, हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. मात्र तो येत्या ऑक्टोबरपर्यंत घ्यावा आणि रोखीने घ्यावा.

ऑक्टोबर हा महिना मी सहज निवडलेला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची जी सोय जाहीर केली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे आणि तिच्यासाठी सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. ती आपण केली नसेल, तर रॅमच्या आधी ते काम करावे. आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, कारण तेथे इंटेलची साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय) लागते. रॅमची किमान अट मात्र ४ जीबीच आहे, म्हणजे ती आपण आजही पुरी करता. याचा अर्थ रॅम कितीही वाढवली तरी विंडोज ११ चा मार्ग मोकळा होत नाही. आडवाटेने ते बसवून देणारेही भेटतील. घरच्या करमणुकीच्या संगणकावर कोणी तसे केले तर तो त्याचा प्रश्न. पण आपल्या संगणकात दुसऱ्यांचे हिशेब आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड आहेत, त्यामुळे आपण तो धोका पत्करू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

हे उत्तर जानेवारी २०२६ च्या अखेरीस लिहीत आहे, म्हणजे आपल्या संगणकाचे कामाचे सुमारे नऊ महिने उरले आहेत. आता प्रश्न असा होतो, की या नऊ महिन्यांसाठी किती पैसे घालणे रास्त आहे आणि त्यांतले किती पुढच्या संगणकात सोबत नेता येतील.

येथे रॅम आणि एसएसडी यांच्यात मोठा फरक पडतो. आपल्या मदरबोर्डला डीडीआर-३ प्रकारची रॅम लागते. हा प्रकार २००७ च्या सुमारास आला, २०१४ पासून डीडीआर-४ आणि पुढे डीडीआर-५ ने त्याची जागा घेतली. प्रत्येक प्रकाराची खाच वेगळ्या जागी असते आणि विजेचा दाबही वेगळा असतो, त्यामुळे एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. आज घेतलेली डीडीआर-३ रॅम म्हणूनच या संगणकाबरोबर संपणारा खर्च आहे. साटा जोडणीची (आपल्या हार्ड डिस्कसारखीच जोडली जाणारी) एसएसडी मात्र नव्या डेस्कटॉपमध्ये दुसरी डिस्क म्हणून सहसा बिनतक्रार बसते. तिचे २,६०० रुपये खर्च होत नाहीत, ते केवळ आधी गुंतवले जातात.

दुरुस्ती करणाऱ्याच्या अंदाजातून त्यामुळे मी एक रॅम वगळतो. जुनी ४ जीबीची पट्टी तशीच ठेवून दुसऱ्या स्लॉटमध्ये ८ जीबीची एक बसवली, तर एकूण १२ जीबी होतात. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच्या दहाबारा टॅब एकाच वेळी उघड्या ठेवण्यास एवढी रॅम पुरते. दोन पट्ट्यांचे एकमेकींशी जमले नाही, तरी नवी एकटी ठेवून ८ जीबीवर काम चालते. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्यांनी वेग थोडा जास्त मिळतो हे खरे, पण हिशेबाच्या कामात तो फारसा जाणवत नाही आणि नऊ महिन्यांसाठी त्यावर आणखी १,८०० रुपये घालणे मला पटत नाही. अशा रीतीने रॅमचे १,८००, एसएसडीचे २,६०० आणि मजुरीचे ६०० मिळून ५,००० रुपये होतात. त्यांतून सोबत नेता येणारी एसएसडी वजा केली, की खराखुरा खर्च २,४०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २६७ रुपये उरतो. ४५,००० रुपयांचा नवा संगणक सहा वर्षे वापरला, तर त्याचा खर्च महिन्याला ६२५ रुपये पडतो. केवळ ‘जुन्यावर पैसे घालू नये’ एवढ्या कारणावरून दुरुस्ती नाकारणे आपल्या बाबतीत योग्य ठरत नाही, ते यामुळे.

आता तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या टप्प्यावर अनेकांचे पैसे वाया जातात. नेहमीचे सगळे प्रोग्राम उघडे असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. रॅम भरली की विंडोज तिच्यातील काही मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला हे काम फार जड जाते, म्हणून एका खिडकीतून दुसरीत जाताना संगणक थिजल्यासारखा होतो. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रॅम आणि एसएसडी दोन्हींचा उपयोग होईल. मेमरी ५०-६० टक्क्यांवरच थांबत असेल आणि डिस्क तेवढी १०० टक्क्यांवर असेल, तर रॅमवर एक रुपयाही घालू नये, नुसती एसएसडी बसवावी. सकाळचा आठ-दहा मिनिटांचा विलंब प्रामुख्याने डिस्कमुळे असावा, असा माझा कयास आहे. तेथेच मेमरीखाली किती स्लॉट वापरात आहेत हेही दिसते, ते कॅबिनेट उघडण्याआधी पाहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट पाहिल्याशिवाय रॅम घेऊच नये. सेटिंग्जमध्ये सिस्टीमच्या अबाउट या पानावर आपले विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, ते लिहिलेले असते. ३२ बिटचे विंडोज १० जास्तीत जास्त ४ जीबी रॅम वापरते, म्हणजे वरची रॅम नुसती पडून राहील. तसे निघाले, तर एसएसडीवर ६४ बिटचे विंडोज नव्याने टाकून घ्यावे लागेल; तेव्हा मजुरी ठरवतानाच हे काम त्यात धरले आहे का, हे विचारावे.

खरेदी लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावरून करणार असाल, तर जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती आपल्याला चालणार नाही. स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर-३ पट्ट्या केवळ एएमडीच्या मदरबोर्डवर चालतात आणि इंटेलवर संगणक सुरूच होत नाही. म्हणून ‘इंटेलच्या चौथ्या पिढीवर चालेल, न चालल्यास परत घेऊ’ असे बिलावर लिहून घ्यावे. वापरलेली रॅम घेण्यास हरकत नाही, पण बिलाशिवाय काहीही घेऊ नये.

काम कोणत्या दिवशी करायचे, यालाही महत्त्व आहे. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी या विवरणपत्रांच्या मुदती असतात हे मी आपणास सांगायला नको. त्या दहा-बारा दिवसांत संगणक उघडू नये, २१ तारखेनंतर द्यावा. त्याआधी टॅलीच्या डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी घ्यावी. बारा वर्षांची हार्ड डिस्क कधीही बंद पडू शकते, आणि एसएसडीसाठी मी आग्रह धरण्यामागे वेगाइतकेच हेही कारण आहे.

आता हप्त्याकडे वळू. १२ हप्त्यांचे मिळून ४८,००० रुपये होतात आणि रोखीचा भाव ४५,००० आहे, म्हणजे रोखीवर मिळणारी ३,००० रुपयांची सूट आपण सोडता. तेच व्याज आहे. दरमहा मुद्दल कमी होत जाते हे लक्षात घेऊन हिशेब केला, तर त्याचा दर वर्षाला सुमारे १२ टक्के पडतो. त्यावर प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी लागत असेल, तर तो आणखी वाढतो. दर फार भयंकर आहे असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे : उत्पन्न कमीजास्त होणाऱ्या घरात १२ महिन्यांचा ठरलेला हप्ता एखाद्या कोरड्या महिन्यात क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत बदलतो आणि तिचा दर याच्या कितीतरी पट असतो.

तेच ४,००० रुपये आपण फेब्रुवारीपासून नऊ महिन्यांच्या आवर्ती ठेवीत भरावेत. ऑक्टोबरअखेर ३६,००० रुपये आणि थोडे व्याज हाती येईल. मधल्या काळात एखादा महिना चुकला, तर बँक किरकोळ दंड घेईल, पण आपण कोणाचे देणे लागणार नाही. विंडोजची मुदत त्याआधी दोन आठवडे संपते, एवढे अंतर आवर्ती ठेव तेवढी आधी बंद करून भरून काढता येईल. आपला मॉनिटर आणि कीबोर्ड चालू स्थितीत असतील, तर फक्त कॅबिनेटचा भाव वेगळा विचारावा. ४५,००० च्या आकड्यात मॉनिटर धरलेला आहे. कार्यालयांतून परत आलेले, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे डेस्कटॉपही दुरुस्त करून वॉरंटीसह विकले जातात. हिशेबाच्या कामाला ते पुरेसे असतात आणि ३६,००० च्या आत बसण्याची शक्यता दाट आहे.

दुकानदार कदाचित सांगेल, की भाव वाढत आहेत, आजच घ्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे चिप बनवणाऱ्या कंपन्या वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खरोखरच चढले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या क्रुशियल या नावाखालील किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. नऊ महिन्यांनी भाव आणखी चढलेले असतील किंवा उतरलेले असतील. त्या अंदाजावर कर्ज काढू नये. भाव चढलेच, तर वापरलेल्या डेस्कटॉपचा पर्याय हाताशी राहतो.

करबचतीचा मुद्दाही पुढे येईल. संगणकावर ४० टक्के घसारा (वस्तूच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो हे खरे आहे, परंतु आपण अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे जमेचा ठरावीक हिस्सा नफा धरून, विवरणपत्र भरत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो आणि वेगळी वजावट मिळत नाही. आपली जीएसटी नोंदणी नसल्यास १८ टक्के करही परत मिळणार नाही.

मुदत ठेवीविषयी एवढेच, की १,२०,००० रुपये म्हणजे आपला तीन महिन्यांचा घरखर्च आहे. अनियमित उत्पन्नाला मी सहा महिन्यांचा निधी सुचवतो, तेव्हा ती आधीच अपुरी आहे. ती मोडण्याचा विचार सोडून द्यावा. एसआयपी चालू ठेवावी. आवर्ती ठेवीमुळे ओढाताण फारच झाली, तर एसआयपीला हात न लावता आवर्ती ठेव ३,००० ची करावी आणि वापरलेला डेस्कटॉप घ्यावा.

दिवसाची वीस मिनिटे, महिन्याचे २५ दिवस, असे ५०० मिनिटे म्हणजे आठ तासांहून अधिक वेळ आपला दरमहा जातो. तो सगळा मी उत्पन्न म्हणून धरलेला नाही, कारण वाचलेल्या वेळात नवे काम मिळेलच असे नाही. पण त्यात एखाद्या लहान दुकानाचे हिशेब बसले, तरी २,४०० रुपये दोन-तीन महिन्यांत वसूल होतील.

शेवटी एक मर्यादा आखून ठेवावी. कॅबिनेट उघडल्यावर दुसरा स्लॉट बिघडलेला निघाला, तर ४ जीबी काढून त्या जागी ८ जीबी लावावी. पण मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय बदलावा लागेल असे कळले, तर तेथेच थांबून रॅम परत करावी, एसएसडी तेवढी स्वतःकडे ठेवावी आणि बचत खात्यातील रकमेतून वापरलेला डेस्कटॉप लगेच पाहावा. तेव्हा कमी पडणाऱ्या रकमेपुरता तीन-चार महिन्यांचा हप्ता घेण्यास माझी हरकत राहणार नाही, कारण मग आपले काम थांबलेले असेल.