नरसिंह राव नुसते नशिबाने पंतप्रधान झाले होते का?

१९९१ च्या आर्थिक सुधारणा सगळ्या मनमोहन सिंगांच्या, राव फक्त त्या वेळी खुर्चीवर होते, असं म्हणणं बरोबर आहे का, हा प्रश्न. बाबरीचं काय, हाही त्याला जोडून आलाय. पहिल्याचं माझं उत्तर नाही असं आहे, पण ते १९९१ पासून सुरू करून पटणार नाही, वीस वर्षं मागे जावं लागेल.

राव वरंगळकडचे, जन्म १९२१ चा, निजामाच्या राज्यातला. उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् चळवळीत पडले म्हणून काढून टाकलं, मग पुढचं शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला आणि नागपूरला झालं. मराठी तिथली, आणि नुसती बोलण्यापुरती नाही, हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांचे कार्यकर्ते होते, मराठवाड्यातल्या वाचकांना त्या नावाचं वजन सांगायला नको. शंकरराव चव्हाणही त्याच तालमीतले, त्यांचं नाव खाली परत येणार आहे.

सप्टेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना आंध्र प्रदेशचं मुख्यमंत्री केलं. पाठीशी मोठी जात नाही, पैसा नाही, आमदारांचा गट नाही, आणि हा माणूस जमीन सुधारणा खरोखर राबवायला निघाला, कमाल जमीनधारणेचा कायदा आणला, स्वतःच्या घरच्या जमिनीवरही पाणी सोडलं. मोठे जमीनदार खवळले. त्यातच तेलंगणातल्या सरकारी नोकऱ्या स्थानिकांसाठी राखणारे मुल्की नियम ऑक्टोबर १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैध ठरवले, वेगळ्या आंध्र राज्यासाठी 'जय आंध्र' आंदोलन पेटलं, जमिनीचा राग त्यात मिसळला आणि जानेवारी १९७३ ला राव घरी. दिल्लीने वाचवलं नाही. मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाची किल्ली इथे आहे. मोठा बदल करायचा तर गाजावाजा करायचा नाही, पुढे दुसऱ्याला ठेवायचं, आणि जे मोडतोय ते मोडतोय असं म्हणायचं नाही, हे ते त्या पंधरा महिन्यांत शिकले.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो. दिल्लीत परराष्ट्र, गृह, संरक्षण, मनुष्यबळ विकास अशी खाती सांभाळली, नवोदय विद्यालयं त्यांच्या काळातली. १९८४ च्या प्रचंड काँग्रेस लाटेत ते हणमकोंड्याला हरले, आणि भाजपचे देशभरात जे दोन खासदार आले त्यातला एक त्यांना हरवून आला. संसदेत पोचले ते दुसऱ्या जागेवरून, आपल्या रामटेकमुळे, १९८४ ला आणि परत १९८९ ला. १९९१ ला तर ते लोकसभेला उभेच नव्हते, दिल्लीतली पुस्तकं आवरायला घेतली होती. २१ मे ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर एका महिन्याने, २१ जूनला, रावांनी शपथ घेतली. शरद पवारही शर्यतीत होते. आता याला नशीब म्हणायचं तर म्हणा, खुर्ची मिळण्यात ते होतंच. पण पुढच्या पाच आठवड्यांत जे झालं ते नशीब नाही.

परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं. २० टन सोनं आधीच्या सरकारच्या काळात परदेशी गेलेलं, जुलैत आणखी ४७ टन गहाण गेलं. रावांची अर्थमंत्री म्हणून पहिली पसंती अर्थतज्ज्ञ आय. जी. पटेल होते, ते नको म्हणाले तेव्हा मनमोहन सिंगांना विचारलं. म्हणजे कोणत्या प्रकारचा माणूस हवा हे आधीच ठरलेलं होतं, राजकारणी नको, जगात पत असलेला अर्थतज्ज्ञ हवा. १ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, ३ जुलैला दुसरं. या दुसऱ्या वेळी राव कचरले, थांबवा म्हणाले, तोवर रिझर्व्ह बँकेने करून टाकलं होतं. तेव्हा मनमोहन सिंगांचं श्रेय कमी करायचं काहीच कारण नाही, अर्थशास्त्र त्यांचंच होतं आणि धीरही होता.

मात्र लायसन्स राज, म्हणजे कारखान्यासाठी सरकारी परवाना लागायची पद्धत, मोडलं ते अर्थखात्याने नाही. ते उद्योगखात्याचं काम, आणि उद्योगखातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं! हे लोक हमखास विसरतात. २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आलं, १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांना परवान्याची अट रद्द, ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकी गुंतवणूक थेट मान्य, सरकारी क्षेत्रासाठी राखीव उद्योग १७ वरून ८ वर. लोकसभेत ते मांडायला रावांनी राज्यमंत्र्यांना उभं केलं, स्वतः मागे राहिले, आणि दिवस निवडला बजेटचा, सगळी चर्चा बजेटवर गेली. शिवाय निवेदनाची सुरुवात नेहरूंच्या गौरवाने. नेहरू-इंदिरा काळातली चौकट बदलायची आणि नाव त्यांचंच पुढे करायचं, १९७३ चा धडा असा वापरलेला दिसतो. तेही बहुमत नसलेल्या सरकारात.

आता बाबरी. इथे मी रावांचा बचाव करणार नाही. जी सवय १९९१ ला कामी आली, थांबायचं, बोलणी चालू ठेवायची, समोरच्याला वाट द्यायची, तीच डिसेंबर १९९२ ला, अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा, देशाला महाग पडली. गृहमंत्री शंकरराव चव्हाण, गृहसचिव माधव गोडबोले. गृहखात्याने राष्ट्रपती राजवट लावून वास्तू ताब्यात घेण्याची योजना तयार केली होती, रावांनी ती उचलली नाही. उत्तर प्रदेशातल्या कल्याणसिंह सरकारने सुप्रीम कोर्टाला वास्तू सांभाळण्याची हमी दिली होती, केंद्रीय दलं जवळ होती पण राज्याच्या हुकमाशिवाय हलणार नव्हती, घटनेचा प्रश्न खरा होता, सगळं मान्य. तरी धोका समोर दिसत होता आणि ते वाट बघत राहिले. नंतर मुंबईने दंगली आणि मार्च १९९३ चे स्फोट सोसले, ते इथल्या कुणाला सांगायची गरज नाही.

२८ जुलै १९९३ च्या अविश्वास ठरावाचंही तसंच. २५१ विरुद्ध २६५ ने सरकार वाचलं, झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचा आरोप झाला, २००० मध्ये रावांना शिक्षा झाली, २००२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निर्दोष सोडलं. कायद्याने सुटले, पण त्या मतदानावरचा संशय माझ्या मनातून जात नाही.

आणि तरीही २००४ ला ते गेले तेव्हा पक्षाच्या मुख्यालयाचं फाटक त्यांच्या पार्थिवासाठी उघडलं नाही, याचा मला अजून राग येतो. भारतरत्न मिळायला २०२४ उजाडलं.

एवढ्यानंतरही कुणाला वाटत असेल की सगळं एकट्या अर्थमंत्र्यांनी केलं, तर २४ जुलै १९९१ चं बजेटचं भाषण आणि त्याच दिवशीचं औद्योगिक धोरणाचं निवेदन, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. भाषणात पैशाचं, कराचं, तुटीचं आहे. कारखाना काढायला दिल्लीत खेटे घालायची वेळ ज्याने संपली ते दुसऱ्या कागदात आहे, आणि ते खातं पंतप्रधानांचं होतं.