नोव्हेंबरच्या शेवटी त्रिनिदादला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं न्यू जर्सीत राहता, आई सध्या तुमच्याकडे आल्या आहेत आणि डिसेंबरमध्ये भारतात परतणार आहेत. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तिघांनी त्रिनिदादला जायचं मनात आहे, पण आई पूर्ण शाकाहारी आहेत आणि ओळखीचे लोक म्हणताहेत की तो वादळांचा मोसम, जाऊ नका.

जरूर जा. मी पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षं नोकरी केली आहे. ही वसाहत बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, आणि अमोनिया, मेथनॉलचे मोठे कारखाने तिथेच आहेत. त्यामुळे तिथले पावसाळे जवळून पाहिले. मला त्या बेटाबद्दल माया आहे, हे आधीच सांगतो. पण फक्त निळं पाणी आणि पांढरी वाळू हवी असेल, तर ते त्रिनिदादमध्ये शोधू नका. त्रिनिदादला जायचं ते माणसं, पक्षी आणि खाणं यांच्यासाठी. समुद्रासाठी शेजारचं टोबॅगो आहे, आणि दोन्ही एका सहलीत होतात.

आधी वादळांचं बघू. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि त्यांचा खरा जोर सप्टेंबरच्या मध्याला असतो. उशिराची वादळं मोठी नसतात असं मात्र नाही. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये 'लेनी' नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे आलं. २८ ऑक्टोबर २०२५ ला 'मेलिसा'ने जमैकाला झोडपलं. तुम्ही जमैका किंवा उत्तरेकडचं दुसरं बेट विचारलं असतं तर मी जरा थबकलो असतो. त्रिनिदाद मात्र विषुववृत्तापासून जेमतेम १० ते ११ अंशांवर, व्हेनेझुएलाला खेटून आहे, आणि बहुतेक वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. टोबॅगो किंचित वर आहे. १९६३ च्या सप्टेंबरअखेर 'फ्लोरा'ने त्याची दैना केली होती आणि तिथले म्हातारे अजून त्याबद्दल बोलतात. तेव्हा धोका शून्य नाही, पण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो फार कमी. प्रवासाचा विमा घ्या आणि वादळांची काळजी सोडा.

खरा विचार करायचा तो पावसाचा. तिथे पावसाळा जून ते डिसेंबर, त्यामुळे तुमच्या आठवड्यात पाऊस पडणार हे धरूनच चला. पण तो आपल्या कोकणातल्या जुलैसारखा दिवसभर लागून राहत नाही. सकाळ बहुधा स्वच्छ असते, दुपारी ढग भरून येतात, तासभर बदाबदा कोसळतो आणि पुन्हा ऊन पडतं. तापमान साधारण २३ ते ३१ अंश. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणून दिवसाची आखणी तशीच करा: सहाला उठून बाहेर पडायचं, दुपारी जेवून आडवं व्हायचं, चारला पुन्हा निघायचं. कॅरोनी नदीच्या सखल भागात जोराच्या पावसानंतर रस्त्यावर पाणी साचतं, त्यामुळे विमानतळावर जाण्याच्या दिवशी दोन तास हाताशी ठेवा.

चारला निघायचं म्हणालो त्याला कारण आहे. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेला कॅरोनीची खारफुटी आहे. तिथून दुपारी उशिरा सपाट होड्या निघतात. अरुंद कालव्यांतून जाताना नावाडी फांदीवर वेटोळं घालून बसलेला अजगरासारखा बोआ दाखवतो. मग होडी मोकळ्या पाण्यात येऊन थांबते, आणि दिवस कलला की लाल आयबिस थव्याथव्याने परतायला लागतात. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. त्याची पिल्लं करड्या रंगाची असतात, आणि खेकडे-कोळंबीतल्या रंगद्रव्यामुळे मोठेपणी ती पेटल्यासारखी लाल होतात. एका हिरव्या बेटावर शेकडो लाल ठिपके बसतात आणि झाडाचा रंगच बदलतो. आईंना गुडघ्यांचा त्रास असला तरी चालेल, चालणं जवळजवळ नाही. डासांचं मलम मात्र न्या. दुर्बीण असेल तर तीही न्या, कारण होडी थव्यापासून लांबच उभी करतात.

आईंसाठी दुसरी जागा सुचवतो ती म्हणजे वॉटर्लू गावचं समुद्रातलं देऊळ. ३० मे १८४५ ला 'फॅटल रझाक' जहाज कलकत्त्याहून करारावरचे मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं, आणि १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, उसाच्या मळ्यांसाठी आणलेली. त्यांच्यातल्या सिवदास साधू नावाच्या मजुराने १९४७ च्या सुमारास किनाऱ्याजवळ एक देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. त्याला तुरुंगवास झाला आणि देऊळ पाडलं गेलं. तेव्हा तो म्हणाला, जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही. मग सायकलवरून दगड आणि बादलीतून सिमेंट नेऊन त्याने वर्षानुवर्षं एकट्याने समुद्रात भराव घातला. तो गेल्यावर, १९९५ मध्ये आजचं देऊळ उभं राहिलं. आता तिथवर पायवाट आहे. शेजारीच किनाऱ्यावर हिंदूंचं दहनस्थळ आहे, तेव्हा चिता पेटलेली असेल तर फोटो काढू नका. सकाळी ओहोटीला गेलात तर चिखलात पाणपक्षी दिसतात.

तिथून अगदी जवळ, कारापिचायमाला, दत्तात्रेयाचं मंदिर आहे आणि समोर ८५ फुटी हनुमान. मैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं हे देऊळ आहे, बांधणी दक्षिणी. मला मात्र दत्ताच्या दर्शनाला इतक्या लांब आलो याचंच अप्रूप वाटायचं. वाटेवरच्या घरांकडे लक्ष ठेवा. अंगणात बांबूला बांधलेल्या रंगीत झेंड्या दिसतील. प्रत्येक पूजेनंतर एक झेंडी लावतात, त्यामुळे घरच्या देवधर्माचा हिशेब रस्त्यावरूनच कळतो.

दिवाळीच्या दिवसांत सुट्टी मिळाली असती तर मी तीच तारीख धरायला सांगितलं असतं. चगवानास गावाजवळ १९८६ पासून 'दिवाली नगर' भरतं, सणाच्या आधी सलग नऊ रात्री. फेलिसिटीसारख्या गावांत बांबू वाकवून त्यांच्या कमानींवर मातीचे दिवे लावतात, आणि दिवाळी तिथे सार्वजनिक सुट्टी आहे. थँक्सगिव्हिंगपर्यंत ते संपलेलं असेल. त्याऐवजी तुम्हाला नाताळाची चाहूल लागेल: डोंगरातल्या लोपिनो, पारामिन या गावांकडची परांग गाणी स्पॅनिशमध्ये गातात, आणि अंबाडीच्या लाल बोंडांचं 'सॉरेल' सरबत सगळीकडे मिळायला लागतं.

आईंच्या जेवणाची काळजी मिटली असं समजा. अमेरिकेतल्या कुठल्याही छोट्या गावापेक्षा त्रिनिदादमध्ये शाकाहारी माणूस सुखात राहतो. सकाळी रस्त्यावर 'डबल्स' खा: दोन मऊ 'बारा' (तळलेल्या पुऱ्या), मध्ये रसदार चणे, वर चिंचेची आणि शॅडो बेनीची (कोथिंबिरीच्या चवीचा तिथला पाला) चटणी. विकणारा तिखट किती असं विचारतो, तेव्हा 'स्लाइट' म्हणा, तेही आपल्याला पुरेसं असतं. दक्षिणेला डेबे गावात रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांगच आहे. तिथे फुलौरी, आलू पाय आणि सहीना मिळतो. सहीना म्हणजे अळूच्या पानाला डाळीचं पीठ लावून तळलेला प्रकार, आईंना आपली अळूवडी भेटल्यासारखं वाटेल. दुपारी डालपुरी किंवा फाटका-तुटका पराठा असतो तसा 'बस-अप-शट', सोबत भोपळा, भाजी, वांग्याचा चोखा, म्हणजे आपलं भरीतच. एकच खबरदारी: रोटीच्या दुकानात वाढणारीला आधीच सांगा की मांसाच्या भांड्यातला डाव भाजीत नको. त्यांना हे नवीन नाही. पुष्कळ हिंदू घरांत उपवासाच्या दिवसांत हेच सांगतात.

तुम्हा दोघांना क्रिकेटचं वेड असेल तर पोर्ट ऑफ स्पेनमधलं क्वीन्स पार्क ओव्हल बाहेरून का होईना बघून या. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते इथे, दिलीप सरदेसाईंचं शतक इथलं आणि सुनील गावसकरांचं पदार्पणही इथलंच. पुढच्याच महिन्यात गावसकरांनी याच मैदानावर एका कसोटीत १२४ आणि २२० केल्या. साठी ओलांडलेला कुणी त्रिनिदादी भेटला आणि तुम्ही मुंबईकडचे आहात असं कळलं, तर तो हा विषय स्वतःहून काढण्याची शक्यता बरीच आहे.

दक्षिणेला ला ब्रेआचं डांबराचं तळं आहे, सुमारे १०० एकर. पावसाळ्यात त्याच्या घड्यांत पाणी साचतं आणि लोक त्यात डुंबतात, म्हणजे तुमचा मोसम त्याला सोयीचा. स्थानिक वाटाड्याशिवाय वर पाय ठेवू नका, काही ठिकाणी डांबर मऊ असतं. आईंना मात्र हे सोडून द्यायला सांगा. समुद्रकासवं बघायला नको म्हणतो, कारण ती मार्च ते ऑगस्टमध्ये येतात.

आता समुद्र. त्रिनिदादच्या पश्चिमेचं पाणी गढूळ दिसतं ते घाणीमुळे नाही. समोरच्या किनाऱ्यावरून ओरिनोको नदी गाळ घेऊन येते, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत तिचं पाणी टोबॅगोपर्यंत पसरतं. उत्तरेचा माराकस किनारा सुंदर आहे, पण लाटा जोराच्या, लाल झेंडा असेल तर उतरू नका. दोन रात्री टोबॅगोला काढा. विमान वीस-पंचवीस मिनिटांत पोचतं. बोटीला चारेक तास लागतात आणि ती हलते, म्हणून आईंसोबत विमानच बरं. बुकू रीफची प्रवाळं बघायला काचेच्या तळाच्या होडीतून जा, आणि एक सकाळ मेन रिजच्या जंगलासाठी ठेवा. ते १७७६ पासून कायद्याने राखलेलं आहे. टोबॅगो सहलीच्या मध्ये ठेवा, शेवटी नको. सुट्टीच्या दिवसांत बेटांमधली विमानं भरतात, आणि परतीचं मोठं विमान चुकणं परवडत नाही.

सुरक्षिततेबद्दल गोड बोलणार नाही. टोळ्यांमुळे त्रिनिदादमध्ये खुनांचं प्रमाण जास्त आहे, आणि २०२४ च्या अखेरीपासून तिथे एकापेक्षा जास्त वेळा आणीबाणीही लागू झाली आहे. तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात सरकारी सूचना वाचा. राहायला गजबजलेला, चांगला भाग निवडा, अंधार पडल्यावर पायी फिरू नका, टॅक्सी घेताना नंबरप्लेट 'एच'ने सुरू होते का ते पाहा. पूर्ण दिवसासाठी एकच ओळखीचा चालक ठरवणं सगळ्यांत उत्तम, राहण्याच्या ठिकाणचे लोक लावून देतात. लष्करी छापाचे कपडे अजिबात नेऊ नका, सामान्य माणसाने ते घालणं तिथे गुन्हा आहे. टोबॅगो त्या मानाने निवांत आहे.

शेवटी कागदपत्रं, कारण सहल यावरच अडते. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून त्रिनिदादला व्हिसा लागत नाही. अडचण परत येण्याची आहे. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल, तर कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या मुक्कामानंतर संपलेल्या स्टॅम्पवर परत येऊ देणारी सवलत तुम्हाला कॅरिबियन बेटांसाठी मिळत नाही, बेटांसाठी ती फक्त एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्सचेंज) व्हिसावाल्यांना आहे. स्टॅम्प संपला असेल तर पोर्तो रिकोला जा, तो अमेरिकेचाच प्रदेश, तिथे हा प्रश्नच येत नाही. आईंसाठी आणखी एक: भारत त्रिनिदादला पीतज्वराच्या यादीत धरतो. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलं तर लशीचा दाखला लागतो, नाहीतर विलगीकरणात ठेवू शकतात. आईंचं भारताचं तिकीट त्यानंतर आठवडाभराने असेल तर दाखल्याचा प्रश्न नाही. तरी साठीनंतर ती लस घ्यावी की नाही, हे डॉक्टरांनाच विचारून ठरवा.

तुमचा व्हिसा कोणता, स्टॅम्पची तारीख काय आणि आई कधी निघणार ते खाली लिहा. तीन रात्री त्रिनिदाद, दोन टोबॅगो आणि शेवटची पुन्हा त्रिनिदाद असा दिवसवार बेत लिहून देतो.