वाचकांचे प्रश्न : एचआयव्हीवरील आंतरराष्ट्रीय परिषदांचा रुग्णांना उपयोग काय?

प्रश्न : एचआयव्ही-एड्सवरील आंतरराष्ट्रीय परिषदांना हजारो प्रतिनिधी जमतात आणि खर्चही मोठा होतो. संशोधन तर नियतकालिकांत छापून येतेच. मग या परिषदांमुळे रुग्णांच्या पदरात नेमके काय पडते?

उत्तर : शोधनिबंध वाचून कोणतेही सरकार आपले उपचारधोरण लगेच बदलत नाही. निष्कर्षांची सर्वांसमक्ष छाननी होते आणि त्या वेळी औषध बनवणारे, ते खरेदी करणारे व ज्यांना ते घ्यायचे आहे असे लोक समोरासमोर असतात, तेव्हा निर्णयांवर दबाव येतो. जुलै 2011 मध्ये रोमच्या परिषदेत ‘एचपीटीएन 052’ या चाचणीचे निष्कर्ष सविस्तर मांडले गेले. 9 देशांतील 1763 जोडपी तिच्यात सहभागी होती आणि प्रत्येक जोडप्यात एकालाच संसर्ग होता. संसर्ग असलेल्या जोडीदाराला औषधे लवकर सुरू केल्यास त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण 96 टक्क्यांनी घटते, असे त्यातून दिसले. म्हणजे रुग्णाचा उपचार हाच प्रतिबंधही ठरला. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या चाचणीच्या केंद्रांपैकी एक होती, हे आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

तरीही आपल्या प्रश्नातील अस्वस्थता रास्त आहे, कारण सभागृहात जाहीर झालेले औषध गरिबाच्या हाती पडेलच असे नाही. तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे यश 1996 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत जगापुढे आले, पण 2000 साली डर्बनला, म्हणजे आफ्रिकेत प्रथमच, ही परिषद भरली तेव्हाही त्या खंडातील बहुसंख्य रुग्णांना तो उपचार अप्राप्य होता. स्वतः एचआयव्हीबाधित असलेले न्यायाधीश एडविन कॅमेरॉन यांनी तेथील भाषणात स्पष्टपणे सांगितले, की औषधाची किंमत परवडते म्हणूनच आपण जिवंत आहोत. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीने हा उपचार एका सेवाभावी वैद्यकीय संघटनेला दरमाणशी वर्षाला सुमारे 350 डॉलरमध्ये देऊ केला. तोवर तो 10 हजार डॉलरच्या घरात होता. हे एकट्या परिषदेचे श्रेय नव्हे, परंतु किमतीचा प्रश्न जगाच्या वेशीवर टांगण्याचे काम डर्बनने निश्चितच केले.

प्रश्न : वर्षातून दोनदा घ्यायचे नवे इंजेक्शन ही एचआयव्हीची लस आहे का?

उत्तर : नाही. लेनाकापाविर हे विषाणूच्या आवरणावर काम करणारे औषध असून ते शरीरात सावकाश मिसळत राहते. लसीप्रमाणे ते प्रतिकारशक्तीला तयार करत नाही, त्यामुळे ठरलेल्या वेळी पुढचे इंजेक्शन न घेतल्यास संरक्षण ओसरते. दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुणींवरील चाचणीत हे औषध घेणाऱ्या 2134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, आणि जुलै 2024 मध्ये म्युनिकच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले तेव्हा सभागृह उभे राहिले. रोजची गोळी घरात लपवून ठेवावी लागणाऱ्या तरुणीसाठी सहा महिन्यांची ही निश्चिंती फार मोलाची आहे. जुलै 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने किगालीच्या परिषदेत त्याची शिफारस केली; हैदराबादच्या दोन कंपन्यांनी बनवलेले औषध 2027 पासून अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांना वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये देण्याचे करारही जाहीर झाले आहेत. इंजेक्शन घेण्यापूर्वी मात्र एचआयव्हीची तपासणी अनिवार्य आहे, कारण आधीच लागण झालेली असल्यास केवळ या एका औषधाने विषाणूला त्याविरुद्ध टिकून राहण्याची संधी मिळते.